तालुसंधान : वाणी आणि जबडा

दुभंगलेल्या तालूवरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा भेग बुजविण्याच्या कौशल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यासाठी जेथून ऊतक उचलले त्या जागेचे पुढे काय झाले, हा प्रश्न दुय्यम ठरतो. भाषाभ्यासकाला तो टाळता येत नाही. वाणीसाठी जे मिळविले त्याची किंमत याच जागेने दिलेली आहे.

१८१९ साली पॅरिस येथे रू या शल्यविशारदाने जॉन स्टीव्हन्सन नामक कॅनेडियन वैद्यक-विद्यार्थ्याच्या दुभंगलेल्या मृदुतालूच्या कडा खरवडून टाक्यांनी जोडल्या, त्याही भूल न देता. ती विद्या तेव्हा नव्हतीच. पुढील वर्षी स्टीव्हन्सनने स्वतःवरील ही शस्त्रक्रियाच एडिंबरो येथील आपल्या लॅटिन प्रबंधाचा विषय केली. रुग्णानेच लिहिलेला असा वृत्तान्त विरळा. तथापि हे यश मृदुतालूपुरते होते. कठीण तालूवरील त्वचा अस्थीला घट्ट चिकटलेली असल्यामुळे तेथे कडा नुसत्या ओढून जुळत नाहीत.

ही अडचण लांगेनबेकने १८६१ साली दूर केली. दातांच्या आतल्या बाजूने दोहोंकडे छेद घेऊन अस्थ्यावरणासह त्वचा सोडवावयाची व मध्याकडे सरकवावयाची. भेग मिटली, पण कडांना हाड उघडे राहिले. पुढे वॉर्डिल व किल्नर यांनी १९३७ साली हीच त्वचा मागे सरकवून मृदुतालू लांबविण्याची रीत मांडली. हेतू ध्वनिशास्त्रीयच होता. मृदुतालू घशाच्या मागील भिंतीला टेकला नाही तर वायू नाकावाटे निसटतो आणि ‘ब’ हा ‘म’कडे झुकतो. (अनुनासिकाचे लक्षण सांगताना पाणिनीने मुख व नासिका यांचा एकत्र उल्लेख केला आहे, हे येथे सहज आठवते.) मात्र तालू मागे नेल्याने पुढचे हाडही उघडे पडले.

अशा जागा काही आठवड्यांत भरून येतात. पण भरून येणे म्हणजे पूर्ववत् होणे नव्हे. तेथे तयार होणारा व्रण आकुंचन पावतो, आणि वाढत्या वयात वरच्या जबड्याची कमान अरुंद होते, पुढील वाढ खुंटते. ग्रेबर यांनी १९४९ साली क्ष-किरण मापनांच्या आधारे शस्त्रक्रियेवरच हा दोष ठेवला. दोष मूळ व्यंगाचा असेल, असा आक्षेप घेणे शक्य होते. त्याला सबळ उत्तर श्रीलंकेतून मिळाले. मार्स व ह्यूस्टन यांनी १९९० साली तेथील शस्त्रक्रिया न झालेले, तेरा वर्षांवरील पुरुष रुग्ण तपासले. त्यांच्या वरच्या जबड्याची वाढ जवळजवळ स्वाभाविक आढळली.

मग कठीण तालू उशिरा का मिटवू नये? मारबुर्ग येथे श्वेकेनडीक यांनी १९४४ पासून नेमके हेच केले : मृदुतालू लवकर, कठीण तालू पुष्कळ वर्षांनी. या रुग्णांची बार्डाख प्रभृतींनी केलेली तपासणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याची वाढ उत्तम होती. वाणी मात्र अनेकांची सदोष राहिली. उघड्या तालूने शिकलेल्या उच्चारसवयी तालू मिटल्याने आपोआप जात नाहीत, असे मला यावरून वाटते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोप व दक्षिण अमेरिकेतील ५५८ अर्भकांच्या चाचणीने तराजू पुन्हा वाणीकडे झुकविला आहे. सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांत पाचव्या वर्षी मृदुतालू अपुरा पडण्याचे प्रमाण ८.९ टक्के, बाराव्या महिन्यात झालेल्यांत १५ टक्के होते. अर्थात पाचव्या वर्षी जबड्याची वाढ संपलेली नसते.