किशोरवयीन व्यावसायिक फुटबॉलपटूंवरील ताण

किशोरवयीन व्यावसायिक फुटबॉलपटूंवरील ताण या विषयात अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रवेश करणाऱ्या खेळाडूंवर पडणाऱ्या शारीरिक, मानसिक, आर्थिक व शैक्षणिक भाराचा विचार केला जातो. युरोप व अमेरिकेत हा ताण प्रामुख्याने अवाढव्य पैसा, प्रसिद्धी आणि सामन्यांची गर्दी यांतून निर्माण होतो. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, त्याचे स्वरूप वेगळे आहे. येथे ज्या संघाशी मुलाने करार केला तो संघच काही वर्षांनी अस्तित्वात राहील की नाही, ही अनिश्चितता त्याच्या मुळाशी असते.

जागतिक उदाहरणे

या विषयाच्या चर्चेत सर्वाधिक वेळा येणारे नाव फ्रेडी अडू याचे आहे. घानामध्ये जन्मलेल्या या अमेरिकन खेळाडूने एप्रिल २००४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, डी. सी. युनायटेड संघाकडून मेजर लीग सॉकरमध्ये पदार्पण केले. त्या वेळी तो लीगमधील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या खेळाडूंपैकी एक होता आणि त्याची तुलना थेट पेले याच्याशी होत होती. पुढे पोर्तुगाल, फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान, ब्राझील, सर्बिया, फिनलंड अशा अनेक देशांतील संघ त्याने बदलले, परंतु अपेक्षित उंची गाठता आली नाही. अडूचे अपयश अनेकदा त्याच्या एकट्याच्या पदरात टाकले जाते. चौदा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर एका संपूर्ण लीगची जाहिरात उभी करण्याचा निर्णय मात्र प्रौढांनी घेतला होता.

स्पेनचा बोयान क्रकिच याने २००७ मध्ये सतराव्या वर्षी बार्सिलोनाच्या मुख्य संघात स्थान मिळवले. फेब्रुवारी २००८ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या सामन्याआधी त्याला भोवळ आली. त्याला पोटाचा विकार झाल्याचे तेव्हा जाहीर करण्यात आले. तो चिंताविकाराचा झटका होता, हे त्याने स्वतः एका दशकानंतर, २०१८ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेतून त्याने याच कारणाने माघार घेतली होती. ही घटना महत्त्वाची मानली जाते, कारण मानसिक त्रास लपवण्यात संघ, संघटना व प्रसारमाध्यमे या सर्वांचा कसा सहभाग असतो हे तिच्यातून दिसते.

नॉर्वेचा मार्टिन ओडेगार्ड याचा प्रवास काहीसा निराळा आहे. जानेवारी २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी तो रेआल माद्रिदमध्ये दाखल झाला. नेदरलँड्समधील दोन व स्पेनमधील एका संघाकडे तात्पुरत्या करारावर खेळत त्याने अनेक वर्षे काढली. या काळात त्याची गणना 'वाया गेलेल्या' मुलांत होऊ लागली होती. २०२१ मध्ये तो आर्सेनलकडे कायमचा गेला आणि पुढील वर्षी त्या संघाचा कर्णधार झाला.

शरीरावरील भार

वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला कूर्चायुक्त भाग स्नायूबंधांपेक्षा कमकुवत असतो. सततच्या धावण्या-उड्यांमुळे गुडघ्याखाली होणारा ऑसगुड-श्लाटर विकार किशोर फुटबॉलपटूंत नेहमी आढळतो. विश्रांती मिळाल्यास तो बहुधा बरा होतो. व्यावसायिक वेळापत्रकात नेमकी विश्रांतीच दुर्मीळ असते. बार्सिलोनाच्या पेद्री याने २०२०-२१ च्या हंगामात क्लब, युरो व टोकियो ऑलिंपिक मिळून ७३ सामने खेळले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढील हंगामात मांडीच्या स्नायूंच्या दुखापतींनी त्याला दीर्घकाळ मैदानाबाहेर ठेवले.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रात फुटबॉलची खरी लोकपरंपरा असलेले शहर म्हणजे कोल्हापूर. तेथील संघ पेठा व तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने शाहू स्टेडियमवर हजारो प्रेक्षकांपुढे होतात. येथील मुलाला करारापूर्वीच प्रेक्षकांच्या अपेक्षांची ओळख होते. पेठेचा संघ हरला तर त्याची चर्चा दुसऱ्या दिवशी शाळेतही होते. अन्य जिल्ह्यांत ही परंपरा इतकी खोल नाही. अहिल्यानगर शहरालगतच्या नागापूरसारख्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील मुलाला व्यावसायिक दर्जाचे प्रशिक्षण हवे असल्यास पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. घर सोडणे हा त्याच्यावरील पहिला ताण असतो, आणि तो पैशाशी संबंध येण्याच्या बऱ्याच आधी येतो.

अशा मुलांसाठी राज्य शासनाची श्री शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनी ही निवासी योजना महत्त्वाची ठरली आहे. तिचे पुण्यातील केंद्र म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात आहे. खासगी क्षेत्रात नवी मुंबई येथे २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही निवासी अकादमी कार्यरत असून तेथील मुलांना शिष्यवृत्तीवर शिक्षण व प्रशिक्षण दिले जाते.

२०१७ ची पिढी

ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेली १७ वर्षांखालील फिफा विश्वचषक स्पर्धा ही भारतीय किशोर फुटबॉलपटूंवर राष्ट्रीय पातळीवर झोत पडण्याची पहिली मोठी वेळ होती. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला होता. एकवीस जणांच्या संघात कोल्हापूरचा आघाडीपटू अनिकेत जाधव आणि अमेरिकेत वाढलेला, मराठी कुटुंबातील बचावपटू नमित देशपांडे यांचा समावेश होता. जाधव याचे वडील रिक्षाचालक. अनिकेत लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता आणि तेथून पुणे एफ.सी.च्या अकादमीत गेला.

दिल्लीत झालेल्या तिन्ही साखळी सामन्यांत भारताचा पराभव झाला. अमेरिकेविरुद्ध ०-३, कोलंबियाविरुद्ध १-२ आणि घानाविरुद्ध ०-४ असे निकाल लागले. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंग याने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत भारताने केलेला पहिला गोल ठरला. स्पर्धेपूर्वी फारसे कोणी न ओळखणाऱ्या या मुलांची नावे महिनाभरात देशभर पोहोचली. हाच झोत स्पर्धा संपताच तितक्याच वेगाने दुसरीकडे वळला.

या पिढीला एकत्र ठेवण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन ॲरोज हा आपला विकास संघ पुन्हा सुरू करून त्याला आय-लीगमध्ये उतरवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्याच सामन्यात या संघाने चेन्नई सिटीला ३-० असे हरवले आणि त्यांतील दोन गोल जाधव याचे होते. हंगामाअखेरीस मात्र संघ गुणतक्त्यात तळाशी राहिला. विकास संघ असल्याने त्याला खालच्या श्रेणीत ढकलले जाणार नव्हते. या सवलतीबद्दल मतभेद आहेत. हरण्याची भीती नसल्याने मुले मोकळेपणाने खेळली, असे समर्थक म्हणतात. प्रौढ संघांकडून सातत्याने हार पत्करण्याची सवय सतराव्या वर्षी लागू नये, असा विरोधकांचा युक्तिवाद असतो. महासंघाने २०२२ मध्ये हा संघ बंद केला.

जाधव याला इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या संघात काही काळ प्रशिक्षण घेण्याची संधी मिळाली. हा संघ २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीचा आहे. पुढे तो जमशेदपूर एफ.सी. व त्यानंतर हैदराबाद एफ.सी.कडून इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले तेव्हा तो त्या संघात होता. विश्वचषकानंतर त्याच्याविषयी बांधलेल्या अपेक्षांच्या मापाने ही कारकीर्द छोटी वाटते. रिक्षाचालकाच्या मुलाने वयाच्या बाविशीपर्यंत सर्वोच्च लीगचे विजेतेपद पाहणे ही गोष्ट त्या मापात बसत नाही, हा त्या मापाचा दोष म्हणावा लागेल.

संघांची अस्थिरता

महाराष्ट्रातील किशोर खेळाडूंच्या बाबतीत सर्वांत गंभीर प्रश्न हा आहे. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा नामवंत संघ २०१० मध्ये विसर्जित झाला. पुण्यात भारत एफ.सी. २०१४-१५ च्या एकाच हंगामानंतर बंद पडला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफ.सी.चा मुख्य संघही त्याच सुमारास संपला व त्याची अकादमी एफ.सी. पुणे सिटीकडे गेली. लिव्हरपूलच्या सहकार्याने निवासी अकादमी चालवणारा डी.एस.के. शिवाजियन्स २०१७ मध्ये बंद झाला. मुंबई एफ.सी. हा संघही त्याच वर्षी थांबला. अखेर २०१९ मध्ये एफ.सी. पुणे सिटीने गाशा गुंडाळला आणि त्याची सुपर लीगमधील जागा हैदराबाद एफ.सी.ला मिळाली. हैदराबादलाही थकीत वेतनाच्या तक्रारींना तोंड द्यावे लागले आणि २०२५ मध्ये तो संघ नाव बदलून दिल्लीला हलवण्यात आला.

म्हणजेच २०१० नंतरच्या दशकभरात पुण्यात अकादमीत दाखल झालेल्या बारा वर्षांच्या मुलाने अठरावे वर्ष गाठेपर्यंत त्याचा संघ किमान एकदा तरी बंद पडण्याची शक्यता मोठी होती. संघ बंद पडला की वसतिगृह, शाळेतील प्रवेश, प्रशिक्षक व वैद्यकीय देखरेख या सर्व गोष्टी एकाच वेळी जातात. प्रौढ खेळाडू दुसरा करार शोधू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलाला अनेकदा शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर गावी परतावे लागते. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरील पेचामुळे सुपर लीगचा आगामी हंगामच स्थगित झाला, तेव्हा ही असुरक्षितता एका शहरापुरती मर्यादित नसल्याचे स्पष्ट झाले.

शिक्षण व नोकरी

पूर्वीच्या व्यवस्थेत चांगला फुटबॉलपटू रेल्वे, बँक, पोलीस दल किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमाच्या संघात भरती होत असे. मानधन बेताचे असले तरी खेळणे थांबल्यावर नोकरी शिल्लक राही. व्यावसायिक करारात ही शाश्वती नाही. तो दोन-तीन वर्षांचा असतो व दुखापतीनंतर त्याचे नूतनीकरण होईलच असे नसते. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुणांची सवलत मिळते. या दोन्हींचा लाभ शिक्षण चालू ठेवणाऱ्यालाच होतो. त्यामुळे 'आधी दहावी की आधी करार' हा अनेक मराठी कुटुंबांत खरोखरच भांडणाचा विषय असतो. घरात कमावता माणूस एकच असेल तर त्याचे उत्तर मुलाच्या हातात क्वचितच राहते.

वयाची लपवाछपवी

लवकर व्यावसायिक होण्याच्या दडपणाचा एक परिणाम म्हणजे कागदोपत्री वय कमी दाखवणे. एकाच वयोगटात वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुले शरीराने पुढे असतात व त्यांची निवड अधिक होते, हे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. दोन-तीन वर्षे लपवल्यास हा फायदा कितीतरी वाढतो. त्याची किंमत ज्यांचे वय खरे आहे त्या मुलांना मोजावी लागते. यावर उपाय म्हणून फिफाने २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाच्या एम.आर.आय. तपासणीचा अवलंब केला. भारतात हाडांच्या वाढीवरून वय ठरवणारी टी.डब्ल्यू.३ चाचणी वापरली जाते. २०१८ मध्ये सुपर लीगमध्ये सोळाव्या वर्षी गोल केल्याबद्दल गौरवल्या गेलेल्या एका खेळाडूच्या वयाबाबत संशय उत्पन्न झाला व महासंघाने त्याला सहा महिन्यांसाठी निलंबित केले.

कायदेशीर तरतुदी

फिफाच्या २००१ पासूनच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचे दुसऱ्या देशात हस्तांतर करता येत नाही. पालकांचे फुटबॉलव्यतिरिक्त कारणाने झालेले स्थलांतर यांसारखे मोजके अपवाद आहेत. या नियमाच्या भंगाबद्दल २०१४ मध्ये बार्सिलोनावर खेळाडू घेण्यास बंदी घालण्यात आली होती. अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक काळाचा करार फिफा मान्य करत नाही. खेळाडूला घडवणाऱ्या संघांना प्रशिक्षण भरपाई देण्याचीही तरतूद आहे, परंतु संघच विसर्जित झाला असेल तर तिचा उपयोग उरत नाही.

भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये असा करार मुळातच निरर्थक ठरतो असा निर्णय दिला. राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या चित्रपटसृष्टीशी संबंधित खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने वडिलांनी अज्ञान मुलीच्या वतीने केलेला सेवाकरारही तिला अंमलात आणता येणार नाही असे ठरवले. पालकाच्या सहीमुळे मुलाचा हक्क पक्का होतो, हा सार्वत्रिक समज त्यामुळे तपासून घेण्याजोगा आहे.

बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना शाळेत खंड न पडता क्रीडा व मनोरंजन क्षेत्रात काम करता येते. त्यासाठी दिवसाला कमाल पाच तासांची मर्यादा असून उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदतठेवीत ठेवणे बंधनकारक आहे. चौदा ते अठरा या वयोगटाला, म्हणजे फुटबॉलमध्ये करारांची बोलणी सुरू होतात नेमक्या त्याच वयाला, या अटी लागू नाहीत. जर्मनीत अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या रात्रीच्या कामावर निर्बंध आहेत. २०२४ च्या युरो स्पर्धेत स्पेनच्या सोळा वर्षीय लामिन यामाल याच्या संदर्भात त्यांची बरीच चर्चा झाली. तो स्पर्धेदरम्यान शाळेचा अभ्यासही करत होता.

उशिरा बहरलेले खेळाडू

लवकर निवड हाच यशाचा मार्ग असल्याच्या समजुतीला मुंबईचा बचावपटू राहुल भेके हा ठळक अपवाद आहे. १९९० मध्ये जन्मलेल्या भेके याने भारताच्या मुख्य संघाकडून जून २०१९ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, पदार्पण केले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत झालेल्या सुपर लीगच्या अंतिम सामन्यात त्याने एफ.सी. गोवाविरुद्ध जादा वेळेत केलेल्या गोलमुळे बेंगळुरू एफ.सी.ला विजेतेपद मिळाले होते. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या हवाई दलाच्या संघाविरुद्धचा त्याचा गोल मुंबई सिटी एफ.सी.साठी निर्णायक ठरला. ए.एफ.सी. चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय संघाने मिळवलेला तो पहिला विजय होता.