त्याच जागेवर, दुसऱ्यांदा

दोन महिने एपिसोड आला नाही, कारण मी मामाच्या फाइलमध्ये अडकलो होतो. जिभेचा कॅन्सर, ऑपरेशन, मग 30 दिवस रेडिएशन. सगळं नीट झालं आणि त्याच बाजूला पुन्हा गाठ आली. मी फोनवर मशिनांची नावं काढून तयार बसलो होतो, पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधीचं रेडिएशन कधी संपलं?" मला रागच आला. जुनी तारीख कशाला हवी? त्या रागातून हा एपिसोड झालाय.

गोष्ट 1923 ची, व्हिएन्नातली. सिग्मंड फ्रॉइड, सिगार न सुटलेला माणूस. टाळू आणि वरच्या जबड्याचा कॅन्सर. पुढच्या सोळा वर्षांत तिसाहून जास्त ऑपरेशनं, अधूनमधून क्ष-किरण आणि रेडियम. 1939 मध्ये, लंडनला, रोग परत आला आणि आता कापणं शक्य नव्हतं. पॅरिसच्या क्यूरी इन्स्टिट्यूटमधून डॉक्टर आले, त्याच तोंडावर पुन्हा किरणं दिली. गाल सडला. वास इतका की त्याचा लाडका कुत्रा जवळ येईना. त्यात रोगाचं किती आणि किरणांचं किती, कोण सांगणार? सप्टेंबरमध्ये तो गेला.

अडचण साधी आहे. गाठ जाते, पण शेजारचं जबड्याचं हाड, मज्जारज्जू, मानेतली मोठी रक्तवाहिनी यांनी पहिला डोस खाल्लेला असतो. अॅप अनइन्स्टॉल केलं तरी फोनमध्ये फायली उरतात ना, तसंच काहीसं. पॅरिसमध्येच 1920 च्या दशकात रेगो आणि कुतार यांनी दाखवलं होतं की डोस थोडा थोडा, कित्येक आठवडे दिला तर निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. सावरतात, पण पूर्ण नाही. म्हणून काळ मोजायचा.

कितीतरी वर्षं डॉक्टर दुसऱ्यांदा द्यायला कचरत. 1996 मध्ये अमेरिकेत अनेक हॉस्पिटलांनी मिळून करून पाहिलं: दिवसातून दोनदा, एक आठवडा उपचार, एक आठवडा सुट्टी, एकूण 60 ग्रे (डोसचं माप), सोबत केमो. दोन वर्षांनी शंभरात साधारण 15 जण जिवंत. पुढच्या ट्रायलमध्ये औषधं बदलली, आकडा 26 च्या आसपास गेला, पण 105 पैकी 8 जण उपचारामुळेच गेले. फ्रान्समध्ये 130 जणांची गाठ आधी ऑपरेशनने काढली. मग अर्ध्यांना केमोसकट दुसरं रेडिएशन, अर्ध्यांवर नुसतं लक्ष. रेडिएशनवाल्यांत रोग कमी परतला, आयुष्य मात्र वाढलं नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

आता मशिनं. आयएमआरटी: अनेक बाजूंनी, डोसला आकार देऊन, सहाएक आठवडे. एसबीआरटी: पाचच बैठका, 40 ते 44 ग्रे. लहान गाठीला उत्तम, नोकरी करणाऱ्या घरच्यांनाही सोयीचं. पण गाठ मानेच्या रक्तवाहिनीला वेढून बसली असेल तर ती फुटायची भीती. ब्रॅकीथेरपी, म्हणजे थेट गाठीत सुया, फ्रॉइडच्या रेडियमचीच नातवंडं. आणि प्रोटॉन, जो ठरावीक खोलीवर थांबतो. आपल्या खारघरला 2023 पासून सुरू आहे. यांची तुलना बहुतेक जुन्या फायली चाळून झालेली आहे, आणि कुठल्या पेशंटला कुठलं मशीन द्यायचं हे आधीच डॉक्टरांनी निवडलेलं असतं. मग मशीन जिंकलं की निवड?

2018 मध्ये अमेरिकेतल्या काही केंद्रांनी 412 पेशंटवरून एक झाड काढलं. माझ्यासारख्याला ओळखीचंच, डिसिजन ट्री. पहिला फाटा: दोन वर्षं उलटली का? नंतरचे: गाठ ऑपरेशनने काढता आली का, पेशंट नळीवर आहे का? दोन वर्षं उलटलेले आणि ऑपरेशन झालेले, त्यांच्यात दोन वर्षांनी शंभरात 62 जिवंत. तळाच्या फांदीवर 17. या फाट्यांवर मशीन नाहीच.

तारीख मामीकडे होती, दुधाच्या हिशेबाच्या वहीत. तीन वर्षं दोन महिने. सर्जन म्हणाले, गाठ निघेल. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. रेडिएशनचं त्यानंतर बसून ठरवायचं. मामा विचारतोय, एपिसोडमध्ये माझं नाव घेतलंस का? नाही घेतलं, मामा.