वैर बंदरांचे, दान त्रिरश्मीचे

सातपूरकरांना पांडवलेणी नवीन नाहीत. पण या लेण्यांचा आणि पांडवांचा काडीचाही संबंध नाही. शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे. ते लेख वाचले की दोन शेजारी राजघराण्यांची हकीकत कळते.

एक घराणे सातवाहनांचे, दुसरे शक क्षत्रपांचे. भांडण कशाचे, तर समुद्रावरच्या व्यापाराचे. भडोच, सोपारा, कल्याण येथून माल पार रोमन साम्राज्यापर्यंत जाई. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात लिहिले आहे.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथे १० क्रमांकाचे लेणे खोदविले. नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत त्याने २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज झाले २४०. त्यातून २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख बघा! त्याची पत्नी दक्षमित्रा हिनेही एक खोली दान दिली.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. नाणी पुसली, पण शत्रूचे लेणे त्याने फोडले नाही. उलट उषवदाताच्या ताब्यातले २०० निवर्तने शेत भिक्षुसंघाला दिले. ते गाव ओस पडले, शेत पडीक राहिले, तेव्हा २४ व्या राज्यवर्षी राजाने आपल्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने बदली दिली. त्याची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी ३ क्रमांकाचे लेणे संघास अर्पण केले.

नंतर या घराण्यांत सोयरीकही झाली. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी होती, असे कान्हेरीचा लेख सांगतो. तो महाक्षत्रप रुद्रदामन असावा, असे अभ्यासक मानतात. जुनागडच्या लेखात, म्हणजे इ.स. १५० च्या सुमारास, रुद्रदामन म्हणतो की सातकर्णीला दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही.

दोन्ही घराणी ब्राह्मणांनाही दाने देत, तेव्हा त्यांना केवळ बौद्ध राजे म्हणता येणार नाही. पण राज्ये बदलली तरी भिक्खूंचे चिवर आणि निवारा तुटू नये, एवढे भान दोघांनाही होते. सातवाहन गेले, क्षत्रप गेले. दगडावर कोरलेले दान मात्र राहिले. त्या अक्षरांवर आपली नावे कोरून ती कुणी पुसू नयेत, ही जबाबदारी आता आपली आहे.