‘ठाण्याला पाठवायला हवं!’ : एका थट्टेमागचा इतिहास

१/ कळंबोलीत आमच्या वसाहतीत एखादा मुलगा जरा विचित्र वागला, की कोणीतरी हमखास म्हणे, “ह्याला ठाण्याला पाठवायला हवं!” पुण्याकडे याच वाक्यात ठाण्याच्या जागी येरवडा येतो. एका शहराच्या नावाला असा अर्थ कसा चिकटला, आणि त्याचे ओझे आजही आपण का वाहतो, याविषयी आजचा हा धागा.

२/ मित्रहो, त्या वाक्यातले क्रियापद पाहा. ‘पाठवणे’. जाणारा स्वतः जात नाही. त्याला दुसरे कोणीतरी पाठवते. मनाच्या आजारावरील उपचारांचा आपल्याकडील इतिहास बऱ्याच अंशी या एका क्रियापदात साठवलेला आहे.

३/ मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. पुढे १८५८ मध्ये, म्हणजे कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले त्याच वर्षी, सरकारने या विषयावर तीन कायदे केले. त्यांपैकी ३६ क्रमांकाच्या कायद्याने रीत ठरवून दिली : भटकणारा अथवा धोकादायक वाटणारा मनुष्य पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, आणि मॅजिस्ट्रेटने डॉक्टरांच्या मदतीने त्याची तपासणी करून इस्पितळात धाडण्याचा हुकूम द्यायचा.

४/ म्हणजे उपचाराची वाट पोलिसापासून सुरू होऊन न्यायासनासमोरून जात असे. रुग्णाला काय हवे, हा प्रश्न त्या वाटेवर कोठेच नव्हता. काळजी होती ती प्रामुख्याने रस्त्यावरील शांततेची. अशा इस्पितळांनी अनेक निराधारांना छप्पर आणि अन्न दिले, हेही खरे. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती उंच भिंत.

५/ रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ मधले. ठाण्याचे १९०१ मध्ये, नरोत्तमदास माधवदास या दानशूर गृहस्थांच्या नावाने, नौपाड्यात उभे राहिले. मुंबईकरांच्या तोंडी ‘ठाणे’ या शब्दाला दुसरा अर्थ आला तो येथून. आज राज्यात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

६/ आता एक विस्मृतीत गेलेली गोष्ट. १९१२ च्या लुनसी कायद्यात, हुकूम आणि दाखल्यांच्या साऱ्या जंजाळात, एक छोटीशी तरतूद होती. एखाद्याला स्वतःहून उपचार घ्यावेसे वाटले, तर इस्पितळाच्या दोन अभ्यागतांच्या संमतीने त्याला ठेवून घेता येई. ‘मला आता जायचे आहे’ असे त्याने लेखी कळवले, की चोवीस तासांपलीकडे त्याला अडवता येत नसे.

७/ ‘पाठवणे’च्या राज्यात ‘जाणे’ या क्रियापदाला मिळालेली ही पहिली फट. परंतु कायद्यात दार असले, म्हणून माणसे ते ठोठावतातच असे नाही. ज्या इमारतीचे नाव घेऊन शेजारी शिवी देतात, तिच्यात आपल्या पायांनी कोण जाईल? शिवाय जागा तरी किती होत्या? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार सुमारे चाळीस कोटींच्या हिंदुस्थानात मनोरुग्णालयांतील खाटा जेमतेम दहा हजार होत्या.

८/ बदल आला तो भिंतींच्या बाहेर. टाटा न्यासाच्या समाजकार्य विद्यालयाने (आजची ‘टिस’) १९३७ मध्ये मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. पुढच्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांच्याकडे मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. सकाळी यावे, बोलावे, औषध घ्यावे आणि संध्याकाळी आपल्या घरी जेवावे. आज हे साधे वाटते. तेव्हा मात्र मनाचा आजार खोकला-तापाच्या रांगेत येऊन बसला.

९/ कायद्याची भाषा बदलायला मात्र आणखी अर्धे शतक लागले. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, आणि तोही अमलात आला १९९३ मध्ये. स्वतंत्र भारताने ‘लुनॅटिक’ हा शब्द आपल्या कायद्यात चाळीसहून अधिक वर्षे सांभाळला.

१०/ दरम्यान त्याच ठाणे शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. नावात आजार नाही, आरोग्य आहे. परीक्षेची भीती, घरातील ताण, व्यसन, उदासी अशा रोजच्या दुखण्यांसाठी माणसे तेथे आपणहून जाऊ लागली. ज्या गावाला लोकांना पाठवले जाई, त्याच गावाला लोक जाऊ लागले.

११/ आमच्या कळंबोलीच्या दुसऱ्या बाजूला कर्जत आहे. तेथे डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवाणी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेचे केंद्र रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करते आणि त्यांना त्यांच्या घरी पोचवते. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवाणी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १८५८ चा कायदा ज्याला रस्त्यावरून उचलून भिंतीआड नेत असे, त्याच माणसाला येथे पुन्हा घराची वाट दाखवली जाते.

१२/ २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, असेही त्यात आले. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावे, हेही त्यातच आहे.

१३/ हे सारे मी अभ्यास म्हणून वाचत होतो, त्याच काळात मला झोप येईनाशी झाली. प्रबंधाचे प्रकरण उघडले, की छातीत धडधड होई. चार महिने कोणाला सांगितले नाही. कायदे पाठ होते, तरीही कानात वसाहतीतले तेच वाक्य घुमत होते. अखेर आईला सांगितले. ती एवढेच म्हणाली, “दात दुखला असता तर चार महिने थांबला असतास का?” मी समुपदेशकाकडे गेलो. आता झोप लागते. प्रबंध अजून बाकी आहे.

१४/ त्या लाजेचे वय मला आता ठाऊक आहे. ती माझ्या स्वभावातून आलेली नव्हती; पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि उंच भिंत यांनी ती घडवली, आणि मग थट्टेच्या रूपाने ती घरोघरी उतरली. जी गोष्ट इतिहासात घडली, ती इतिहासात बदलतेही.

१५/ केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही. दोन अभ्यागतांची संमती लागत नाही, मॅजिस्ट्रेटचा हुकूमही नाही. पुढच्या वेळी कोणी “ठाण्याला पाठवू का?” असे विचारले, तर त्याला हा धागा जरूर पाठवा.