समर्थांचा लेखनविधि व पोथीची परीक्षा

पेण तालुक्यांतील जोहे हें गांव गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळें सर्वश्रुत आहे. तेथें साच्यांतून पहिली व शंभरावी मूर्ति सारखीच उतरते. पोथी लिहिणाऱ्याच्या हाताला असा साचा नसे. साच्याचें काम नियमानें करावें लागे. हे नियम मराठींत नीट सांगितलेले आढळतात ते दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं, लेखनक्रियेच्या निरूपणांत. ज्या शिवथरघळींत हा ग्रंथ सिद्ध झाला अशी परंपरा आहे, तीहि याच रायगड जिल्ह्यांत, महाड तालुक्यांत आहे.

समर्थांचें सांगणें सर्वस्वीं व्यवहाराचें आहे. पान अगोदर शिशानें आंखून घ्यावें. ओळींमधील अंतर कमीजास्त होऊं नये. वरच्या ओळीचें लांब अक्षर खालच्या ओळीस भिडूं नये. शाईचा काळेपणा, टांकाची जाडी व अक्षराचें वळण आरंभापासून समाप्तीपर्यंत एकच असावें. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये. तें म्हातारपणीं निरुपयोगी होतें. चहूंकडे कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षरास धक्का लागत नाहीं. त्याच शतकांत शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें रचलेल्या राजव्यवहारकोशानें राज्यकारभारांतील शब्दांनाहि असेंच वळण लाविलें. त्याच्या दहा वर्गांत लेखनवर्ग स्वतंत्र आहे.

वाचकाच्या सोयीचा हा नियम संशोधकाच्या हातीं कसोटी होऊन येतो. हात एकसारखा असला म्हणजे मागाहून घुसडलेली ओवी किंवा खोडून फिरविलेला शक तत्काळ डोळ्यांत भरतो. मात्र शाई बदलली एवढ्यावरून हात बदलला असें म्हणूं नये; वळण पाहावें. तसेंच सुंदर व एकहाती प्रत म्हणजे शुद्ध पाठ, असेंहि नव्हे. मूळ प्रतींतील प्रक्षेप नकलेंत त्याच सुबक अक्षरांनीं उतरतो.

म्हणून पोथीचे कांठ सारखे करण्यासाठीं कोरी जागा कातरण्याची चाल सोडली पाहिजे. पत्रांक, ग्रंथनामाचीं आद्याक्षरें व शोधकाचीं टिपणें तेथेंच असतात. याद्या करतांनाहि आकार, ओळी, लिपि, शाई व समाप्तिलेख एकाच क्रमानें व एकाच शब्दांनीं नोंदवावे. एकानें पत्रें मोजलीं, दुसऱ्यानें पृष्ठें मोजलीं आणि दोघांनींहि ‘पानें’ असें लिहिलें, तर चाळीस पत्रांची पोथी दुसऱ्या यादींत ऐंशी पानांची होते. मग ग्रंथ वाढला कीं मोजणारा बदलला, हें पुढील अभ्यासकास कशावरून कळावें?