वऱ्हाडांतील कोरफड आणि तिचें बीं

वऱ्हाडचा इतिहास सांगूं लागलें कीं कापसाची कथा प्रथम येते, आणि तें स्वाभाविकच आहे. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेच्या यादवी युद्धानें कापसाचे भाव गगनाला भिडविले. १८६७ सालीं नागपुरास पोंचलेल्या लोहमार्गानें अकोला व बडनेरा हीं ठिकाणें मुंबईच्या बाजाराशीं जोडलीं. परंतु ज्या काळ्या जमिनीनें हें वैभव पाहिलें, तिनेंच १८९६-९७ व १८९९-१९०० सालचे दुष्काळही पाहिले. विहिरी आटल्या, कडबा संपला, दावणी ओस पडल्या. आणि पुढील मृगासाठीं राखून ठेवलेलें बियाणें पोटासाठीं खर्ची पडलें. पाऊस हुकला तर एक वर्ष जातें, बीं गेलें तर पुढचेंही जातें, हा त्या दिवसांचा धडा होय.

अशा कोरड्या वर्षींही जीं थोडीं झाडें तग धरतात, त्यांत कोरफडीची गणना होते. संस्कृतांत हिला कुमारी, घृतकुमारी अशीं नांवें आहेत. घरोघरीं ती भाजलें-पोळलें असतां उपयोगी पडते, आणि तिचा आटवलेला रस काळाबोळ म्हणून बाजारांत येतो. मुळें उपटून दारावर टांगली तरी ती कित्येक दिवस हिरवी राहते. या चिवटपणाला लोकांनीं दैवी शक्ति मानलें. त्याचें कारण मात्र शास्त्रानें हळूहळू उलगडलें. बेंजामिन हाईन या वनस्पतिशास्त्रज्ञानें हिंदुस्थानांत असतांना पानफुटीचें पान पहांटे चाखलें, तों तें आंबट लागलें. दुपारीं तेंच बेचव झालें. हें निरीक्षण १८१५ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. पुढें उलगडा झाला तो असा : अशा मांसल वनस्पति दिवसां पानांचीं सूक्ष्म रंध्रें मिटून घेतात, आणि रात्रीं हवेंत गारवा आला म्हणजे तीं उघडून कर्बवायु आंत घेतात व आम्लाच्या रूपानें सांठवितात. त्यामुळें उन्हांत पाणी उडून जात नाहीं. कोरफडीची रीतही हीच.

तथापि ही कोरफड मूळची वऱ्हाडची नव्हे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें तिचें माहेर अरबस्तानांत असल्याचें दाखविलें आहे. एका घरून दुसऱ्या घरीं ती गेली ती बुंध्याशीं येणाऱ्या पिलांच्या रूपानें. पीक जोपासण्याची ही रीत सोपी व खात्रीची खरी. परंतु पिलूं म्हणजे आईचाच तुकडा. शेकडों बांधांवरील झाडें एकाच मूळ झाडाचीं असूं शकतात, आणि मग जी कीड किंवा जो रोग एकाला मारील तो सर्वांना मारील.

हिंवाळ्यांत कोरफडीला उंच दांडा येऊन पिवळीं फुलें लागतात, शिंजीर पक्षी मध पिऊन जातात, तरी बोंडें क्वचितच धरतात. कारण कोरफड स्वतःच्या परागानें बीं धरीत नाहीं. तिला परक्या वंशाचा पराग लागतो. म्हणून ज्याला बीं हवें त्यानें दूरदूरच्या ठिकाणांहून निरनिराळ्या कोरफडी आणून शेजारीं लावाव्यात. बोंड वाळून तीन फांकांनीं उकललें कीं आंत चपटें, काळसर, पातळ पंखाचें बीं मिळतें. वाळू व कुजलेला पाला मिसळून उथळ कुंडींत तें पसरावें, वर बारीक वाळूचा पातळ थर द्यावा, आणि ओल राखावी, पण पाणी सांचूं देऊं नये. दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसतात. कोवळ्या रोपांना पहिल्या उन्हाळ्यांत सावली हवीच. आणि वऱ्हाडच्या चिकण काळ्या मातींत मुळें कुजतात, म्हणून पुढें त्यांना मुरमाड उतारच द्यावा. फुलोरा यायला तीन-चार वर्षें लागतात.

इतका खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न व्यवहारी शेतकरी विचारील, आणि तो योग्यच आहे. एका हंगामाचा हिशेब केला तर पिलेंच स्वस्त पडतात. परंतु बियांपासून आलेलीं दोन रोपें सारखीं नसतात. कांहीं उन्हांत खुरटतील, एखादें पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांतही तग धरील. त्या एकाला ओळखून त्याचीं पिलें वाढविलीं, तर बीं आणि पिलूं या दोन्ही रीतींचें सार्थक होतें.

अशी निवड करण्याला संस्थेचा आधार लागतो. अमरावती जिल्ह्यांतील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचें नांव धारण करणारें कृषि विद्यापीठ १९६९ सालीं अकोल्यास स्थापन झालें, आणि त्याच्या नागार्जुन उद्यानांत औषधी वनस्पति जोपासल्या जातात. पण विद्यापीठाचें काम बांधावरच पुरें होतें. दुष्काळ पुन्हा येणार नाहीं असें कोणीही सांगूं शकत नाहीं. मात्र तो येईल तेव्हां वऱ्हाडच्या बांधावर एकच वंश उभा असावा कीं अनेक, हें आज कुंडींत पेरलेल्या बियांवर अवलंबून आहे.