टॅब्लेट कुणासाठी सोपा?

‘मला कॉम्प्युटर येत नाही’ असं सांगणारा माणूस बहुधा बँकेच्या किंवा तलाठी कार्यालयाच्या खिडकीशी उभा असतो, आणि चूक आपलीच असं समजून आवाज खाली घेतो. ती चूक माणसाकडे न शोधता यंत्राकडे शोधायची, इथून मानव-संगणक संवाद ही आपली अभ्यासशाखा सुरू होते. तिचा पहिला धडा कोल्हापूर जिल्ह्यातच, वारणानगरला आहे.

वारणा खोऱ्यातल्या ७० गावांसाठी १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने गावोगावी संगणक केंद्रं आली. त्यातून शेतकऱ्याला जगाची माहिती मिळेल, अशी मोठी आशा होती. पण शेतकरी तिथं जायचा तो मुख्यतः ऊसतोडीची परवानगी, कारखान्याला गेलेल्या उसाचं वजन आणि खताची उचल, एवढ्यासाठीच. कीबोर्डला हात लावायचा तो केंद्रचालक. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने हीच कामं साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिली. सगळी कामं झाली, खर्च घटला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत जास्त पसंत पडली. यंत्रातून काय काय वगळता येतं हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

टॅब्लेटची गोष्ट इतकी सरळ नाही. २०११ साली दिल्लीत ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटचं अनावरण झालं तेव्हा चर्चा किमतीचीच होती. त्याच्या पडद्यावर मात्र बोट नुसतं टेकवून भागत नसे, तो दाबावा लागे. स्वस्त म्हणजे सोपं, ही गल्लत आपल्याकडे अजून चालूच आहे. चित्रांचंही तसंच. संशोधक इंद्राणी मेढी यांनी बंगळूरच्या वस्त्यांतल्या, वाचता न येणाऱ्या लोकांसाठी अक्षरांशिवाय चालणारे पडदे तयार केले. चित्रं ओळखता आली, आवाजही समजला. पण या यंत्राचा आपल्याशी संबंध काय, हेच कळेना. तेव्हा नोकरी शोधणारी बाई आणि नोकरी देणारी बाई दाखवणारी छोटी चित्रफीत जोडली, आणि हात पुढे सरकले. मराठी टंकनात आयआयटी मुंबईच्या ‘स्वरचक्र’ या कीबोर्डने असाच समजूतदारपणा दाखवला: व्यंजनं शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने, आणि ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की.

वाचता न येणं ही मात्र एकच अडचण. रोजचा ‘पुढारी’ पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचणारे आजोबाही टॅब्लेटपुढे थबकतात. कडेवरून बोट ओढायचं, एखाद्या ठिकाणी ते दाबून धरायचं, या खुणा पडद्यावर कुठेच लिहिलेल्या नसतात. त्यातून ‘काही बिघडलं तर?’ ही धास्ती. अक्षरं मोठी केली की ज्येष्ठांचा टॅब्लेट तयार झाला, असं मानणारे उत्पादक पुष्कळ आहेत. आजोबांना आधी हवं असतं ते मागे फिरायचं एक ठळक बटण, आणि तेही पुढच्या अपडेटनंतर जागा न बदलणारं.